मास्तरांची भाकरी आणि कोपऱ्यातले गोणपाट

दरवर्षी १४ एप्रिल आणि ५ सप्टेंबर जवळ आले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. साताऱ्याच्या शाळेत एका ब्राह्मण मास्तरांनी छोट्या भीमाला आपल्या डब्यातली भाजी-भाकरी दिली, आपले आडनाव दिले, आणि शेवटी एक खोचक प्रश्न : "मग तुम्ही लोक उठसूट ब्राह्मणांना नावे का ठेवता?" याला आपल्या पोरांची उत्तरेही ठरलेली असतात. कोणी म्हणतो, ही गोष्टच बनावट आहे. कोणी म्हणतो, एकाने भाकरी दिली म्हणून हजारो वर्षांचा हिशेब मिटत नाही. मग रात्री दोनपर्यंत भांडण चालते, चार जण ग्रुप सोडतात आणि पुढच्या वर्षी तोच मजकूर पुन्हा येतो.

अशी भांडणे आम्हीही पुष्कळ केली. आडनावाची कथा कितपत खरी, त्या मास्तरांचे पूर्ण नाव काय, या वादात आज आम्हाला शिरायचे नाही. आम्हाला वेगळाच प्रश्न छळतो. शिक्षकाच्या छोट्याशा चांगुलपणाने एखाद्या पोराचे नेमके काय होते? आणि काय होत नाही? चळवळीतल्या माणसांना हा प्रश्न टाळता येणार नाही. कारण आज आपल्यातलेच हजारो जण खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभे आहेत.

आधी बाबासाहेबांनी स्वतः काय सांगितले ते पाहू. शाळेतल्या आठवणी सांगताना त्यांनी आंबेडकर मास्तरांचा उल्लेख प्रेमाने केला आहे. मधल्या सुट्टीत हा मुलगा जेवायला घरी पळतो हे मास्तरांना आवडत नसे, म्हणून ते त्याला आपल्यातले जेवण देत. पेंडसे नावाच्या दुसऱ्या मास्तरांचीही आठवण आहे. भर पावसात ओलाचिंब होऊन आलेल्या भीमाला त्यांनी आपल्या मुलाबरोबर घरी पाठवले, अंघोळीला गरम पाणी आणि नेसायला लंगोटी देण्याची व्यवस्था केली. पुढे बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा आंबेडकर मास्तरांचे प्रेमाचे पत्र आले, आणि ते त्यांनी जपून ठेवले. ज्याच्याकडे जगभरातून पत्रे येत होती त्या माणसाने एका शाळामास्तराचे पत्र जपून ठेवले. त्यामुळे "ही गोष्टच खोटी" म्हणणाऱ्या आपल्या मित्रांनी जरा थांबावे.

आता तो मजकूर पाठवणाऱ्यांनीही थांबावे. कारण चरित्रकार धनंजय कीर हीच गोष्ट सांगताना एक बारीक तपशील देतात. मास्तर ते जेवण भीमाच्या हातावर वरून टाकत. स्पर्श होऊ नये म्हणून. आणि साताऱ्याच्या त्याच शाळकरी दिवसांबद्दल बाबासाहेबांनी काय लिहून ठेवले आहे? वर्गात आपल्या क्रमांकाप्रमाणे त्यांना बसता येत नसे. कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि रोज परत आणायचे. तहान लागली तर इतर मुले मास्तरांना विचारून नळावर जात. या मुलाला मास्तरांची परवानगी पुरत नसे. शिपायाने येऊन नळ सोडायचा, तेव्हा पाणी. शिपाई नसला तर दिवसभर तहान.

म्हणजे मास्तरांचे प्रेम होते आणि गोणपाटही होते. एकाच गावात, एकाच मुलाच्या वाट्याला. भाकरीने गोणपाट हलले नाही आणि गोणपाटामुळे भाकरी खोटी ठरली नाही. यातले एकच अर्धे सांगणारा माणूस, मग तो त्यांचा असो की आपला, अर्धे लपवतो.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो त्याच्या आधी अंगावरून शिकलो होतो. सातवीनंतर आमच्या वस्तीतली आठ पोरे तालुक्याच्या शाळेत जाऊ लागली. सहा किलोमीटर पायी. वर्षातून तीन-चार वेळा शाळेचे क्लार्क हातात यादी घेऊन वर्गात यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "सवलतवाले उभे राहा!" आम्ही उभे राहायचो. मग एकेकाचे नाव, जात आणि "सही करून जा". मागच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, "सरकारचे जावई." वर्ग हसायचा. क्लार्क हसायचे. वर्गातले शिक्षक खिडकीबाहेर बघायचे. आठवी संपेपर्यंत आमच्यातल्या दोघांनी शाळा सोडली. घरच्यांनी सांगितले, पोरांचे लक्ष नाही.

नववीला गणिताचे नवे सर आले. पहिल्यांदा क्लार्क यादी घेऊन आले तेव्हा सरांनी त्यांना दारातच थांबवले, यादी हातात घेतली आणि म्हणाले, "राहू द्या, मी बघतो." दुसऱ्या दिवशी गणिताच्या वह्या तपासून परत मिळाल्या. आमच्या वहीत एक छोटी चिठ्ठी होती : "मधल्या सुट्टीत ऑफिसात ये. फॉर्मवर सही." बस्स, एवढेच. वर्षभर हेच चालले. सर त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत, आम्हीही नाही. पण त्या वर्षी आमच्या सहा जणांतल्या एकानेही शाळा सोडली नाही.

पुष्कळ वर्षांनी, शाळा सोडलेल्या त्या दोघांपैकी एक जण बाजार समितीत भेटला. आडतीवर हमाली करतो. चहा पिताना आम्ही सहज विचारले, "तू का सोडलीस रे शाळा?" तो म्हणाला, "अभ्यासाचं काही नव्हतं. ती यादी वाचायचे ना, ते नको वाटायचं." गणिताचे ते सर एक वर्ष आधी आले असते तर? या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नाही. पण एका चिठ्ठीची किंमत काय असते हे आम्हाला त्या दिवशी कळले. तिला ना अनुदान लागत होते, ना शासनाचा जीआर. लागत होती एवढीच जाणीव, की भर वर्गात उभे राहणाऱ्या पोराला लाज वाटते.

आणि याच सरांबद्दलची दुसरी आठवणही सांगितली पाहिजे. एकदा वह्यांचा गठ्ठा पोहोचवायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. उन्हाळ्याचे दिवस. पाणी मागितले. त्यांच्या आई तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ओंजळ कर." वरून पाणी ओतले. सर दारात उभे होते. त्यांनी पाहिले, काही बोलले नाहीत, आत गेले. पुढचे दोन-तीन दिवस वर्गात त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. ती चिठ्ठी आम्ही विसरलेलो नाही आणि ती ओंजळही. एकीसाठी दुसरी विसरा, असे जो सांगतो त्याने यातले काहीच भोगलेले नसते.

मग चांगुलपणा नेमके काय करतो? आमच्या मते, तो पोराला टिकवून धरतो. व्यवस्था बदलण्याची ताकद त्याच्यात नाही. पण व्यवस्था बदलू शकणारे पोर शाळेच्या आत राहील, एवढे तो करतो. बाबासाहेबांच्याच आयुष्यात बघा. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एकटाच वाचत बसणारा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या नजरेस पडला. ते दुसऱ्या शाळेत शिक्षक होते, हा मुलगा त्यांच्या वर्गातला नव्हता. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढच्या शिक्षणाची अडचण आली तेव्हा त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रा. मुल्लर यांनी पुस्तके आणि कपडे दिले. बागेत वाचणाऱ्या पोराला "काय वाचतोस?" असे विचारायला किती वेळ लागतो? पण त्या बागेतून त्या वेळी इतर किती शिक्षक न विचारता गेले असतील?

त्याच काळात एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी या मुलाला गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले, तर वर्गात गोंधळ उडाला. फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून पोरांनी धावत जाऊन ते उचलले. संस्कृत शिकायचे होते, ते शिकवायला नकार मिळाला आणि फारसी घ्यावी लागली. बागेतला एक माणूस विचारतो आणि शाळा नाकारते. भीमराव टिकले, त्यात त्यांच्या जिद्दीचा आणि सुभेदार रामजींचा वाटा सर्वांत मोठा. पण विचारणाऱ्या त्या एका माणसाचाही वाटा होता, हे बाबासाहेबांनी कधी नाकारले नाही.

हा आधार नसला की काय होते, तेही आपण पाहिले आहे. रोहित वेमुलाची फेलोशिप महिनोन्महिने थांबलेली होती, वसतिगृहातून बाहेर काढले होते. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. या दोन्ही घटनांवर आपण मोर्चे काढले, न्याय मागितला, आणि ते थांबता कामा नये. पण त्या दिवशी आमच्या मनात एक साधा प्रश्न आला होता : एवढ्या मोठ्या संस्थेत "जेवलास का? काय चाललंय? चल, बसून बोलू" असे विचारणारा एक तरी मास्तर त्यांना कोणी दिला होता का? दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ साली जे समोर आणले त्यातही हेच होते. शिक्षकांचा पुरेसा आधार मिळत नाही, असे दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी मोठ्या संख्येने सांगितले. उघड शिवी देणारे थोडे असतील. खिडकीबाहेर बघणारे फार.

पण इथेच सावध राहायला हवे. "चांगले शिक्षक असले की सगळे सुधारेल" हा निष्कर्ष आम्ही काढत नाही. चांगल्या माणसाच्या मर्जीवर ज्याचे शिक्षण अवलंबून असते त्याला हक्क नसतो, त्याचे नशीब असते. सरांची बदली झाली की यादी पुन्हा दारातून वाचली जाते. आमच्या दहावीत नेमके तेच झाले.

हे आपल्या महापुरुषांना आपल्या आधी कळले होते. जोतिराव-सावित्रीमाईंनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाई अंगावर शेण-चिखल झेलत शाळेत जात आणि तिथे पोहोचून लुगडे बदलून शिकवायला उभ्या राहत. माया होतीच, पण ती चार मुलींना घरी बोलावून खाऊ देण्यापुरती राहिली नाही. तिची शाळा झाली. त्या शाळांत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. पेशवाईतल्या जुलमावर आणि डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या महार-मांग स्त्रियांच्या वेदनेवर ती मुलगी लिहीत होती. चांगल्या शिक्षकाच्या मायेतून असे फळ येते : प्रश्न विचारणारे पोर. जी माया पोराला फक्त हात जोडायला शिकवते, तिच्यात कुठेतरी मालकी लपलेली असते.

शाहू महाराजांनी तर मायेला हुकमात उतरवले. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सरकारी शाळांत सर्वांबरोबर बसवावे, असा आदेश त्यांनी १९१९ साली काढला. कोपऱ्यातले गोणपाट उचलायला हुकूमच लागतो. आज आपल्याकडे संविधान आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे यांवर बंदी घातली आहे. भर वर्गात जात वाचून पोराला लाजवणे हा मानसिक छळ नाही तर काय? तेव्हा गणिताच्या सरांनी चांगुलपणाने जे केले ते करणे आज प्रत्येक शिक्षकावर बंधनकारक असले पाहिजे. ज्या शाळेत अजून यादी मोठ्याने वाचली जाते तिथे मुख्याध्यापकांना लेखी निवेदन द्या. पोच घ्या. उत्तर आले नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. हे काम दोन कार्यकर्ते एका सकाळी करू शकतात.

आता सर्वांत अवघड भाग. तो आपल्याबद्दल आहे.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतिरावांनी एक मागणी केली होती. प्राथमिक शाळांतले शिक्षक शक्यतो शेतकरी-कष्टकरी वर्गातून तयार करावेत. गरज पडली तर नांगराचे रुमणे किंवा सुताराची वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही आणि जो खालच्या थरातल्या लोकांत सहज मिसळेल, असा मास्तर त्यांना हवा होता. सोवळ्यातला मास्तर पोरांपासून लांब राहतो, हे त्यांनी पाहिले होते.

ती मागणी आज बऱ्याच अंशी पूर्ण झाली आहे. बाबासाहेबांच्या लढ्यामुळे, आरक्षणामुळे आपली माणसे जिल्हा परिषदेच्या शाळेपासून विद्यापीठापर्यंत पोहोचली. मग वस्तीतल्या पोराला वर्गात आपला माणूस भेटतो का? काही ठिकाणी भेटतो, आणि त्या शिक्षकांना आमचा मानाचा जय भीम. स्वतःच्या पगारातून पोरांच्या परीक्षा फी भरणारे, जातीच्या दाखल्यासाठी बापाबरोबर तहसीलला चकरा मारणारे, ऊसतोडीला आई-बाप गेले की पोराला आपल्या घरी ठेवून घेणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. पण दुसरेही पाहिले आहेत. शहरात फ्लॅट घेतलेले, स्टाफरूममध्ये आडनाव तोंडातल्या तोंडात पुटपुटणारे, आणि वस्तीतले पोर ओळखीचे हसले की नजर चुकवणारे. हे पोर जवळ आले तर आपली जात उघडी पडेल, ही भीती. १९५६ साली आग्र्याला शिकलेल्या लोकांविषयी बाबासाहेबांनी जी खंत बोलून दाखवली, ती यांनाच लागू आहे.

आम्ही ती भीती समजू शकतो. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतल्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यालाही हरकत घेतली गेली होती. स्टाफरूम आजही सगळीकडे स्वच्छ नाही. पण आपण नजर चुकवली तर ते पोर कोणाकडे बघणार? त्याच्यासाठी खिडकीबाहेर बघणारा आणखी एक मास्तर वाढला, एवढेच.

म्हणून आमचे आपल्या शिक्षक मित्रांना सांगणे साधे आहे. पोराला त्याच्या नावाने हाक मारा, वस्तीच्या नावाने नको. त्याची वही टेबलावर ठेवायला लावू नका, हातात घ्या. दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी घरी निरोप पाठवा. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख त्याला चार दिवस आधी सांगा. त्याने चुकत-माकत लिहिलेला निबंध पूर्ण वाचा आणि खाली दोन ओळी लिहा. पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुठे बसते, पाण्याच्या टाकीवर कोण शेवटी जाते, ते उभे राहून पाहा. आणि हे फक्त आपल्या पोरांसाठी करू नका. पारध्याचे पोर, मसणजोग्याचे पोर, गरीब मुसलमानाची मुलगी आणि कर्जात बुडालेल्या मराठा शेतकऱ्याचे पोरही तुमच्याच वर्गात बसले आहे. बाबासाहेबांनी बुद्धाकडून घेतलेली मैत्री ही जात बघून वाटायची वस्तू नाही. वरून टाकतात ती दया. मैत्रीला शेजारी बसावे लागते.

आणि तरुण मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणे. ज्याने हात दिला त्याचे नाव घ्यायला लाजू नका. कृतज्ञ राहिल्याने बंड बोथट होत नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या तळ्यावर पाणी पिणारा आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळणारा माणूसच पुढे मास्तरांचे पत्र जपून ठेवत होता. मास्तरांचे प्रेम त्यांनी मान्य केले, पण त्या प्रेमाच्या बदल्यात तळ्याचे पाणी सोडून दिले नाही.

तेव्हा पुढच्या वर्षी तो मजकूर पुन्हा आला तर भांडत बसू नका. उत्तर एवढेच द्या : "हो, भाकरी दिली होती. वरून टाकली होती. दोन्ही आम्हाला आठवते." आणि मोबाईल खिशात ठेवून जवळच्या शाळेत एक चक्कर मारा. यादी अजून मोठ्याने वाचतात का, ते विचारून या.

जय भीम!